पंप बंद पडल्यावर लाइन सुटते? आधी ‘कधी’ ते विचारा, मग ‘कुठे’

एकाच जागी पाण्याची लाइन पुन्हा पुन्हा सुटली की सगळे त्या जागेलाच धरतात. सांधा कच्चा बसला असेल, रिंग वाकडी गेली असेल, खालची भर दबली असेल. मग खणायचं, पाणी उपसायचं, तुकडा बदलायचा, माती लोटायची, पंप सुरू. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोच फोन. आम्ही हे तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी आधीपेक्षा जाड क्लासचा पाइप घातला आणि बेंडमागचा काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉकही (वळणावरचा पाण्याचा रेटा पेलणारा ठोकळा) वाढवला. चौथ्या वेळी खणलं तेव्हा ब्लॉक तडकला होता आणि बेंड जागचा हलून सांधा चार बोटं उघडला होता. पाइपाला साधा ओरखडाही नव्हता.

त्या खड्ड्याच्या काठावर उभं असताना मला पंपहाऊसचं लॉगबुक आठवलं. चारही तारखा काढून पाहिल्या. चारही वेळा आधी वीज गेली होती. लाइन व्यवस्थित चालू आहे आणि सुटली, असं एकदाही झालं नव्हतं. इतके महिने आम्ही ‘कुठे’ खणत होतो आणि ‘कधी’ हे कुणी विचारलंच नव्हतं.

लाइन अशी होती: ३०० मिमी डीआय (डक्टाइल आयर्न, बिडाचाच एक प्रकार) पाइप, लांबी २,४०० मीटर, पंपापासून टाकीपर्यंतचा चढ ६० मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर. पंप चालू असताना डिलिव्हरीच्या गेजवर ७.२ किलो (एक किलो म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा दाब), बंद असताना ६ किलो. वाटेत १,७०० मीटरवर एक उंचवटा, तिथे पाइप पंपाच्या पातळीपेक्षा ५६ मीटर वर. उंचवट्याच्या दीडशे मीटर अलीकडे एक खोलगट भाग, पंपापेक्षा ३० मीटर वर. लाइन सुटायची ती या खोलगट भागातल्या ४५ अंशांच्या बेंडपाशी.

लॉगबुकात आणखी एक गोष्ट सापडली. ऑपरेटर वीज गेल्यावरही तासातासाला गेज लिहीत होता. पंप बंद असताना ६ दिसायला हवेत. त्या चारही वेळा पहिल्या तासाची नोंद ३ किलोच्या आसपास होती. म्हणजे लाइन तेव्हाच सुटली होती आणि भोकाच्या वरचं पाणी वाहून गेलं होतं. उरलेलं पाणी भोकाच्या उंचीपर्यंत उभं होतं: ३ किलो म्हणजे ३० मीटर, म्हणजे तो खोलगट भाग. आम्हाला मात्र कळायचं ते वीज आल्यावर, पंप सुरू करूनही प्रेशर चढलं नाही की. म्हणून सगळे ‘स्टार्टला फुटली’ म्हणायचे आणि स्टार्टर तपासत बसायचे. तुमच्याकडे एनआरव्हीच्या (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्वच्या) पुढे गेज असेल आणि एनआरव्ही गळत नसेल, तर बंद लाइनीवरचा आकडा न चुकता लिहून ठेवा. कधी सुटली हे तर कळतंच, साधारण किती उंचीवर सुटली हेही न खणता कळतं.

आता वीज गेल्यावर नेमकं होतं काय ते सांगतो, कारण उपाय निवडताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

त्या लाइनीत साधारण १७० टन पाणी असतं आणि पंप चालू असताना ते सगळं एकदम पुढे सरकत असतं. वीज गेली की पंपाचा वेग एक-दोन सेकंदांत ढासळतो. पण टाकीजवळच्या पाण्याला हे लगेच कळत नाही. पंप थांबल्याचा निरोप दाबाच्या लाटेने जातो; या लाटांनाच सर्ज आणि त्यांच्या दणक्याला वॉटर हॅमर म्हणतात. डीआय किंवा पोलादी पाइपात ही लाट सेकंदाला १,००० ते १,२०० मीटर धावते, पीव्हीसीत ३०० ते ४५०, एचडीपीईत त्याहूनही हळू, कारण भिंत जितकी लवचीक तितकी लाट मंद. आमच्या लाइनीत वेग १,१०० धरला तर लाट टाकीपर्यंत जायला २.२ सेकंद आणि परत यायला तितकेच, म्हणजे एकूण ४.४ सेकंद. तोवर पुढचं पाणी आपल्या गतीने वर चढतच असतं, मागून ढकलणारं कुणी नसतं, आणि मधला भाग ताणला जातो. पहिला फटका दाब वाढण्याचा नसतो, दाब पडण्याचा असतो. हे डोक्यात पक्कं बसवा.

किती पडतो, याचा हिशेब निकोलाय जूकोव्हस्कीने १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या लोखंडी नळांवर प्रयोग करून पक्का केला. वेगात झालेला बदल गुणिले लाटेचा वेग, भागिले ९.८१. उत्तर मीटरमध्ये येतं. धातूच्या पाइपात सेकंदाला १ मीटरचा वेग एकदम तुटला की १०० ते १२० मीटर, म्हणजे १० ते १२ किलोचा फरक. पीव्हीसीत हाच फरक ३ ते ४.५ किलो. आमच्या १.२ मीटर वेगाला तो जवळजवळ १३५ मीटर येतो, आणि चालू दाब होता ७२.

आता उंचवट्याकडे पाहा. चालू लाइनीत तिथे जेमतेम ८ मीटर दाब होता. पाण्याचा दाब हवेच्या दाबाखाली साधारण १० मीटर गेला की पाणी थंड असतानाच त्याची वाफ होते. म्हणजे ८ वरून उणे १० पर्यंत, १८ मीटर दाब पडला की पुरे. सूत्र उलटं लावलं तर त्यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला फक्त ०.१६ मीटरने घटावा लागतो. पंपाचा वेग अजून निम्म्यावरही आलेला नसतो आणि उंचवट्यावर पाणी तुटलेलं असतं. पंपाकडचा एक तुकडा, टाकीकडचा दुसरा, मध्ये वाफेची पोकळी. टाकीकडचं पाणी थोडं पुढे जातं, थबकतं, उलटं फिरतं आणि उतारावरून पंपाकडच्या तुकड्यावर येऊन आदळतं. वाफ गादीचं काम करत नाही, ती क्षणात पाणी होऊन जाते. लोखंडावर लोखंड आपटावं तसं पाण्यावर पाणी आपटतं. दोन तुकड्यांमधला वेगाचा फरक सेकंदाला १ मीटर जरी असला तरी दोन्हीकडे ५६ मीटरची लाट निघते.

बेंडपाशी चालू लाइनीत ३.४ किलो दाब असतो, त्याचा जोर थ्रस्ट ब्लॉकवर दोन-सव्वादोन टन. या आदळण्याने तिथे साडेआठ-नऊ किलो होतात आणि जोर साडेपाच टनांच्या आसपास जातो, तोही हातोड्याच्या घावासारखा, एकापाठोपाठ एक. पाइपाला नऊ किलो काहीच नाहीत. पण पुश-ऑन सांध्याला ओढ सहन करणारं काही नसतं, फक्त रबराची रिंग असते. म्हणून जाड पाइप घालून उपयोग झाला नाही. उलट जाड भिंत लाटेला थोडी जास्त वेगाने नेते आणि दणका किंचित वाढतो. प्लॅस्टिकच्या लाइनीत सतत फुटणारा तुकडा काढून तिथे लोखंडी घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: तुकडा टिकतो, दणका शेजारच्या सांध्याकडे जातो.

मग आम्ही उंचवट्यावर गेलो. तिथे एअर व्हॉल्वची (लाइनीत हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्वची) चेंबर होती, झाकणावर वीतभर गवत. आत एअर व्हॉल्व होता, चांगला दुहेरी भोकाचा. त्याच्या खालचा छोटा स्लुइस व्हॉल्व (चाक फिरवून उघडबंद करायचा) पूर्ण बंद होता. कधीतरी एअर व्हॉल्व गळत असणार, कुणीतरी गळती थांबवायला खालचा व्हॉल्व फिरवला असणार आणि मग विसरून गेला असणार. चेंबरीलगतचा एक सांधा पाझरत होता म्हणून तोही उघडला, तर रिंगच्या आतल्या बाजूला बारीक माती. दाबाखालची लाइन माती बाहेर ढकलते, आत घेत नाही. ती माती आत गेली होती ती पोकळीच्या ओढीने. हे पाहून मला खरं तर दणक्यापेक्षा जास्त धास्ती वाटली. माती जाते तिथून गटाराचं पाणीही जातं. पिण्याच्या लाइनीत उणा दाब तयार होतो याचा अर्थ फक्त दुरुस्तीचा खर्च एवढाच नाही, तो माणसांच्या पोटात जाणारा प्रश्न आहे.

उण्या दाबाला हलकं समजू नका, हे सांगायला एक जुनं उदाहरण पुरेसं आहे. १९५० साली जपानच्या ओइगावा जलविद्युत केंद्रात देखभालीच्या वेळी एक व्हॉल्व अचानक बंद झाला. वाढलेल्या दाबाने पोलादी पेनस्टॉक (टर्बाइनला पाणी नेणारा मोठा पाइप) फाटला, पाणी सुटलं, आणि त्या रिकामेपणाने वरच्या बाजूचा पेनस्टॉक पत्र्याच्या डब्यासारखा आत चेपला गेला. एकाच घटनेत एक तुकडा फुटला, दुसरा चुरगळला.

आमच्या लाइनीवर पहिला उपाय फुकटचा होता: तो स्लुइस उघडणं. पण इतक्यावर थांबू नका. मोठ्या भोकाचा एअर व्हॉल्व हवा झपाट्याने आत घेतो, हे बरं. पण परतणारं पाणी तीच हवा झपाट्याने बाहेर हाकलतं आणि शेवटचा बुडबुडा गेला की भोक बंद करणारा फ्लोट खटकन बसतो. वाफेच्या पोकळीचा दणका गेला आणि एअर व्हॉल्वचा आला, असं होतं. म्हणून तिथे हवा आत घेताना मोकळा आणि बाहेर सोडताना आवळलेला, अँटी-स्लॅम प्रकारचा व्हॉल्व लावला. शिवाय आत आलेली हवा पुढच्या स्टार्टच्या आधी निघून गेली पाहिजे, नाहीतर तीच अडकलेली हवा पुढचं दुखणं होते.

दुसरा उपाय एअर व्हेसल. पंपहाऊसच्या बाहेर, एनआरव्हीच्या पुढे, अर्धं पाणी आणि अर्धी दाबलेली हवा असलेली टाकी. पंप थांबला की तिच्यातली हवा पसरते, पाणी लाइनीत ढकलत राहते आणि १७० टन पाण्याला सावकाश थांबायला वेळ मिळतो. हिचा आकार अंदाजाने ठरवू नका. लाइनीचा खरा उंच-सखल नकाशा देऊन सर्ज ॲनालिसिस, म्हणजे या लाटांचा हिशेब, करून घ्या. उंचवट्याची पातळी दोन-तीन मीटरने चुकली तरी उत्तर बदलतं.

व्हेसल बसली, उंचवटा शांत झाला आणि पंपहाऊसमध्ये नवा आवाज सुरू झाला. वीज गेली की एनआरव्हीचा असा दणका की फाउंडेशन बोल्टपर्यंत कंप जाणवायचा. ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. व्हेसल पंपाच्या अगदी जवळ असते, दाब धरून असते आणि पंप थांबताच पाणी पंपाकडेही ढकलते. पाणी उलटं फिरायला आता सेकंदाचा काही भाग लागतो. साध्या स्विंग एनआरव्हीचं जड पाटं तोवर अर्ध्यातच लोंबकळत असतं, उलटं पाणी त्याला पकडून सीटवर आपटतं. आवाज पाटं सीटवर बसल्याचा वाटतो, पण खरा दणका उलटा वेग एकदम तुटल्याचा असतो. इलाज दोन टोकांचे: एक तर उलटा प्रवाह सुरू व्हायच्या आत बंद होणारा स्प्रिंगचा नॉझल प्रकारचा व्हॉल्व, नाहीतर चाल मंद करणारा डॅशपॉट लावून शेवटचा टप्पा मुद्दाम हळू बंद होणारा. व्हेसल जवळ असेल तर पहिलाच घ्या. अनेक पंप एकाच हेडरवर (सामायिक पाइपावर) असतील आणि त्यातला एकच ट्रिप झाला तरी असंच होतं, कारण बाकीचे पंप त्या एकाच्या एनआरव्हीवर दाब देत असतात.

व्हेसल असलेल्या लाइनीवर पुन्हा दणके सुरू झाले तर सगळ्यात आधी तिच्या काचेच्या नळीतली पातळी बघा. हवा हळूहळू पाण्यात विरघळते. कॉम्प्रेसर बंद असेल तर काही आठवड्यांत टाकी पाण्याने भरते आणि मग ती नुसती लोखंडाची शोभा. ब्लॅडरवाली (हवा रबराच्या पिशवीत असलेली) असेल तर आतला दाब पाणी काढून तपासा. पाणी असताना घेतलेला आकडा लाइनीचा असतो, ब्लॅडरचा नाही.

दणका दुसऱ्या वेळी येत असेल तर

ठरवून पंप बंद करताना दणका येतो, पण वीज गेल्यावर फार नाही, असं सहसा होत नाही. झालं तर एनआरव्ही तपासा. सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व आधी सावकाश बंद करून मग पंप थांबवला की हा त्रास जातो. हे पिस्टनसारख्या पंपांना कधीही करू नका, दाब चढत जाऊन काहीतरी फुटेल. सॉफ्ट स्टॉप (मोटर हळूहळू थांबवणारी सोय) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) ठरवून बंद करताना उत्तम काम देतात. वीज गेली की तेही गेले. ‘व्हीएफडी लावला आहे, आम्हाला सर्जची काळजी नाही’ हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो आणि दर वेळी विचारतो, वीज गेल्यावर तो कशावर चालतो?

रिकामी लाइन भरताना दणका येत असेल तर कारण अडकलेली हवा. भरण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या वर जाऊ देऊ नका. डिलिव्हरी व्हॉल्व थोडासाच उघडा, एअर व्हॉल्वमधून हवेची शिट्टी थांबून पाणी येईपर्यंत धीर धरा. घाई झाली की पाण्याचा लोंढा हवेला कोपऱ्यात दाबतो. हवेचा मोठा फुगा गादीसारखा वागतो, पण थोडीशी अडकलेली हवा हवाच नसलेल्या लाइनीपेक्षाही मोठा दाब करू शकते.

व्हॉल्व फिरवताना येत असेल तर स्लुइस व्हॉल्वचा स्वभाव लक्षात घ्या. नव्वद टक्के बंद होईपर्यंत प्रवाह फारसा घटत नाही; खरा वेग तुटतो शेवटच्या काही फेऱ्यांत. माणूस नेमका तिथेच घाई करतो, कारण ‘झालंच आता’. पहिल्या फेऱ्या हव्या तशा फिरवा, शेवटच्या मोजून, थांबत थांबत. लाट जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळापेक्षा, म्हणजे आमच्याकडे ४.४ सेकंदांपेक्षा, कमी वेळात तो शेवटचा भाग बंद झाला तर एकदम बंद केल्यासारखंच आहे. पाव फेरीत बंद होणाऱ्या बॉल आणि बटरफ्लाय व्हॉल्वला गिअर असलाच पाहिजे.

घरातल्या नळाचा दणका हेच सगळं छोट्या प्रमाणात. वॉशिंग मशीनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व) क्षणात बंद होतो, पाणी भिंतीतल्या सैल पाइपाला हिसका देतं. क्लॅम्प घट्ट करा, दाब जास्त असेल तर प्रेशर रिड्यूसर लावा आणि मशीनच्या अगदी जवळ दणका शोषणारा हॅमर अरेस्टर. जुन्या घरातली उभी हवेची नळी पाण्याने भरून निकामी झालेली असते. लाइन रिकामी करून पुन्हा भरली की ती काही काळ काम देते. नळ अर्धा उघडा असताना येणारी घरघर वेगळी, तो बहुधा झिजलेला वॉशर.

मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नका

ग्लिसरीन भरलेल्या गेजचा काटा मुद्दाम मंद केलेला असतो. मिनिटाला एकदा आकडा घेणारी कंट्रोल सिस्टिमही या कामाची नाही. दणका दोन नोंदींच्या मध्ये येऊन निघूनही जातो. सेकंदाला शंभर किंवा जास्त नोंदी घेणारा लॉगर भाड्याने आणा, एक एनआरव्हीच्या पुढे, एक उंचवट्यावर लावा. सेन्सर उणा दाब मोजणारा हवा, हे मागवताना स्पष्ट सांगा. तो शून्याच्या खाली जात नसेल तर आलेखावर सरळ रेघ दिसते आणि खरी गोष्ट तिच्याखालीच राहते. लॉगर नसेल तर कान आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. पंप बंद पडल्यापासून पहिल्या दणक्यापर्यंतचा वेळ आणि पुढच्या दोन दणक्यांतलं अंतर लिहा. दणके एकसारख्या अंतराने येत हळूहळू विरत असतील तर ती लाट आहे. अनियमित असतील तर सैल काहीतरी असू शकतं.

मुद्दाम ट्रिप करून बघायचं असेल तर आधी एकच पंप, कमी प्रवाहात. बेंड आणि व्हॉल्वच्या जवळ कुणालाही उभं करू नका.

रिलीफ व्हॉल्वबद्दल एकच सांगतो, कारण तो सगळ्यात आधी सुचवला जातो. तो वाढलेला दाब सोडतो. पडलेल्या दाबाला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि आमच्यासारख्या लाइनीत दुखणं पडलेल्या दाबापासून सुरू होतं.

नवा एनआरव्ही बसल्यावर एका रात्री आम्ही दोन्ही लॉगर लावून पंप ट्रिप केला. उंचवट्यावर दाब ८ मीटरवरून २ पर्यंत उतरला, थोडा वर गेला, पुन्हा खाली, आणि काही मिनिटांत ४ वर स्थिरावला. शून्याखाली गेला नाही. पंपहाऊसमध्ये पंखा थांबल्याचा आवाज ऐकू येत होता, इतकी शांतता. आता उंचवट्याच्या चेंबरीचं गवत दर तीन महिन्यांनी काढलं जातं आणि एअर व्हॉल्वखालचा स्लुइस हाताने पाव फेरी बंद करून पुन्हा पूर्ण उघडला जातो. त्याच्या चाकाला साखळी बांधून पाटी लावली आहे: ‘हा व्हॉल्व उघडाच राहील. गळत असेल तर बंद करू नका, कळवा.’